जुना पीसी चालेल, डिस्क मात्र दोन घ्या: घरच्या फाइल सर्व्हरवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण घरात पडून असलेल्या पीसीचा फाइल सर्व्हर कसा करायचा ते बघितलं होतं, म्हणजे सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, गाणी एका जागी ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीवरून उघडायची. त्यावर सांगली-मिरजेकडून आणि साताऱ्याकडूनपण बरेच प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, बऱ्याच जणांना उपयोगी पडतील असे घेतलेत.

सर नमस्कार, माझ्याकडे ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथ्या जनरेशनचा, 4 जीबी रॅम. घरात तीन एक्स्टर्नल डिस्क आहेत, कुठल्या डिस्कवर काय आहे ते आता कुणालाच सांगता येत नाही. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो, लग्नाच्या डीव्हीडीची कॉपी, बाकी पिक्चर-गाणी. 10 हजारात बसवायचंय. दुकानदार म्हणतो तयार दोन डिस्कवाला नॅसच घ्या. काय करू?
(विश्रामबाग, सांगली)

तयार नॅस, म्हणजे फाइल सर्व्हरचंच काम करणारा तयार डबा, ही वस्तू चांगली आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण तो डबा रिकामा येतो आणि तुमच्या बजेटचा मोठा वाटा त्या रिकाम्या डब्यातच जाणार, मग डिस्क घ्यायला पैसे उरत नाहीत आणि माणूस एकाच डिस्कवर भागवतो. माझं पहिल्यापासून हेच सांगणं आहे की पैसा डिस्कवर घाला. फाइल द्यायच्या-घ्यायच्या कामाला प्रोसेसर फारसा लागतच नाही, तुमचा आय-थ्री त्याला भरपूर झाला. ओपनमीडियावॉल्ट नावाची फुकट सिस्टीम आहे, ती डेबियन लिनक्सवर चालते आणि 1 जीबी रॅमवरसुद्धा उभी राहते, तुमच्याकडे तर 4 आहे. एकदा इन्स्टॉल केली की मॉनिटर-कीबोर्ड काढून ठेवा, पुढचं सगळं लॅपटॉपच्या ब्राउझरमधून होतं. पहिल्यांदा लॉगिन करताना युजर अॅडमिन आणि पासवर्ड ओपनमीडियावॉल्ट असतो, हा पासवर्ड जगाला माहीत आहे, तो त्याच दिवशी बदला.

खरेदी अशी करा. सिस्टीमसाठी एक छोटा 120-128 जीबीचा एसएसडी, जुना असला तरी चालेल. त्यावर ओपनमीडियावॉल्टच बसते, ती डेटाच्या डिस्कवर टाकायची नाही. उरलेल्या पैशात एकसारख्या मापाच्या दोन डिस्क. यातली एक पीसीत लावा आणि दुसरी पीसीत लावू नका. लोक दोन्ही लावून रेड करतात, म्हणजे दोन्ही डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरतात, आणि आता बिनधास्त म्हणतात, पण रेड वनमध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, त्यामुळे मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचं फोल्डर चुकून डिलीट झालं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. व्हायरस आला, एसएमपीएस म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय उडताना दोन्ही डिस्क घेऊन गेला, पीसीच चोरीला गेला, या कशातच रेड उपयोगी पडत नाही. डिस्क मेली तरी काम थांबू नये एवढ्यासाठी रेड असतं, आणि घरी एक दिवस काम थांबलं तर काही बिघडत नाही. तर दुसरी डिस्क बाहेर ठेवा, दर रविवारी किंवा महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात.

तुमच्या तीन एक्स्टर्नल डिस्कचं आधी बघा, हे मशीन बसवण्याच्याही आधीचं काम आहे. बहुतेक वेळा तेच फोटो तीन ठिकाणी असतात आणि एखादं वर्ष मात्र एकाच डिस्कवर असतं. सगळं एका जागी उतरवा, वर्षाप्रमाणे फोल्डर करा, डुप्लिकेट नंतर सावकाश काढा, आणि काम पूर्ण होईपर्यंत त्या डिस्क फॉरमॅट करू नका. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झालं, आता 15 जीबी मिळतात आणि त्यात जीमेलपण आला, त्यामुळे मोबाइलमधले फोटोही उतरवून घ्यायची सवय लावा. आणि व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो हा मूळ फोटो नसतो, तो आकसवून पाठवलेला असतो, मूळ फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याच्याकडून मागून घ्या.

लाइट बिलाचं बऱ्याच जणांनी विचारलंय. असा जुना डेस्कटॉप नुसता चालू असला तरी 40-50 वॅट खातो. 50 वॅट धरले तर महिन्याला 36 युनिट. युनिटला 10 रुपये धरा, 360 रुपये झाले. म्हणून चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही, संध्याकाळी चालू करा, झोपताना ब्राउझरमधून बंद करा. जादा ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका, डीव्हीडी ड्राइव्हची वायर काढा. ज्यांना चोवीस तासच हवाय त्यांनी पुस्तकाएवढा छोटा ऑफिस पीसी सेकंडहँड बघावा, तो 10-15 वॅटमध्ये चालतो, फक्त त्यात मोठी साडेतीन इंची डिस्क बसत नाही, ती स्वतःचा अॅडाप्टर असलेल्या यूएसबी 3 डब्यात लावावी लागते. रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर पण होतं, 2019 मध्ये आलेल्या या मॉडेलपासून त्याला पूर्ण वेगाचं गिगाबिट आणि यूएसबी 3 मिळालं, पण त्याचे सगळे यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात, दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की मधेच एक गायब होते आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप असेल तर तो उत्तम, लाइट गेली तरी त्याची बॅटरी सांभाळून घेते. बॅटरी फुगलेली नाही ना एवढं बघा, फुगली असेल तर ती लगेच काढून टाका.

आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक सेटिंग करा, वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं असं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा जो खेळ चालतो त्यात हे फार उपयोगी पडतं. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला जो वेळ लागतो त्यात पीसी रीस्टार्ट होतो.

माझा फोटो स्टुडिओ आहे मारुती चौकाजवळ. 2019 च्या पुरात खालचं सगळं गेलं, 2021 ला सामान वर नेलं म्हणून वाचलं. आता लग्नाचं शूटिंग 4के मध्ये असतं, डिस्क भरत चालल्यात. सर्व्हर वरच्या मजल्यावर बसवला की झालं ना?
(सांगली)

दादा, वरचा मजला ही सुरुवात झाली, तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या भागाला नदी सांगायची गरज नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा आणि 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा वरच्या मजल्यावर ज्यांचं सामान होतं ते कोरडं राहिलं असेलही, पण तिथपर्यंत जाता येत नव्हतं, लाइट नव्हती, आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतंय आमच्या लग्नाचं काय. म्हणून तुमच्या बाबतीत दुसरी कॉपी पुराच्या पट्ट्याबाहेर पाहिजे म्हणजे पाहिजेच. विश्रामबागला नातेवाईक असतील, मिरजेला, कुपवाडला, कुठेही, पण गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगर या बाजूला नको, तिथं पाणी त्याच दिवशी येतं.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम आहे, तो तुमच्याच धंद्यातून आलाय. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. तुमच्याकडे हे असं बसेल: एक कॉपी सर्व्हरवर, एक स्टुडिओतल्या बाहेरच्या डिस्कवर, एक नातेवाइकांकडे. डिस्क दोन ठेवा आणि आलटून पालटून न्या, एक आली की दुसरी गेली. गिऱ्हाइकांचे घरगुती व्हिडिओ दुसऱ्याच्या घरात राहणार म्हणून ती डिस्क व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरनं कुलूपबंद करा, पासवर्ड डिस्कच्या डब्यावर चिकटवू नका आणि फक्त स्वतःच्या डोक्यातपण ठेवू नका.

जागेचा हिशोब करा. 100 एमबीपीएसला शूट केलेलं 4के एका तासाला 45 जीबी घेतं. दोन कॅमेरे, सहा-सहा तास, म्हणजे एका लग्नाला 540 जीबी. 4 टीबीची डिस्क सात लग्नांत संपते, आणि तेवढीच जागा बॅकअपला. सगळं रॉ, म्हणजे एडिट न केलेलं शूटिंग, कायमचं ठेवणं कुणालाच परवडत नाही, तेव्हा ऑर्डर घेतानाच पावतीवर लिहा की रॉ फुटेज किती महिने ठेवणार, एडिट झालेली फाइल किती वर्षं. हे लेखी असलं की डिस्क रिकामी करताना हात थरथरत नाही.

पीसीची डिस्क स्क्रूनं आवळून ठेवू नका. पुढून ओढून काढता येईल असा ट्रे मिळतो, तो बसवा. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि आयर्विनला पाणी 35 च्या आसपास पोचलं की मशीन नीट शटडाउन करायचं, डिस्क ओढायची, जाड कापडात गुंडाळून पिशवीत घालायची आणि निघायचं. पीसी राहिला तर राहू दे.

आणि कधी डिस्क भिजलीच तर तिला करंट देऊन बघू नका. साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे भोक झाकू नका, ते आतल्या हवेचा दाब सारखा राहायला असतं आणि पुराचं गाळाचं पाणी तिथनंच आत जातं. एकदा प्लेट फिरली की तो गाळ वरचा थर खरवडून काढतो. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका. ओली आहे तशीच प्लास्टिक पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. गाळ वाळून चिकटला की त्याचं काम अवघड होतं.

आमच्या घरात सासऱ्यांनी जमवलेल्या मैफलींच्या कॅसेट आहेत, 90 मिनिटांच्या दोनशेच्या आसपास. काही दर्ग्याच्या उरुसातल्या, काही घरच्या बैठकी. डिजिटल करून घरच्या सर्व्हरवर ठेवायच्यात. एमपी3 करू का? आणि एकानं सांगितलं झेडएफएस आणि ईसीसी रॅम असल्याशिवाय करूच नका, तर खर्च खूप होतोय.
(मिरज)

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. मिरजेत घराघरांत असा ठेवा आहे आणि कॅसेट दरवर्षी थोडी थोडी मरते, तेव्हा सर्व्हरची वाट बघत थांबू नका, रेकॉर्डिंग आजपासून सुरू करा, भले सध्या लॅपटॉपवर ठेवा.

मूळ कॉपी एमपी3 मध्ये नको. एमपी3 आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतो, तानपुऱ्याची जवार आणि तारेची आस विझत जाते ते बारीक टोक यात पहिला मार खातं. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांची आयसा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची शिफारस कमीत कमी 24 बिट 48 किलोहर्ट्‌झची आहे आणि जमल्यास 96. 24 बिट 96 ला एका तासाला साधारण 2 जीबी लागतात. तुमच्या दोनशे कॅसेट म्हणजे 300 तास, म्हणजे 620 जीबीच्या आसपास. 1 टीबीच्या डिस्कवर सगळं बसतं, तेव्हा जागेसाठी काटकसर करायचं काही कारणच नाही. नंतर फ्लॅक या फॉरमॅटमध्ये बदललंत तर बरीच जागा वाचते आणि आवाजातलं काहीही कमी होत नाही. एमपी3 पण करा, पण नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायला.

फ्लॅक करायचं आणखी एक कारण आहे. रेकॉर्डिंगची साधी वेव्ह फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, 96 ला रेकॉर्ड करताना साधारण दोन तासांनी ती मर्यादा येते, आणि कॅसेटमागून कॅसेट एकाच फाइलमध्ये घेत गेलात तर मधेच अडकेल, म्हणून कॅसेटची प्रत्येक बाजू वेगळी फाइल ठेवा. शिवाय फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाचा एक पडताळणी आकडा साठवलेला असतो. वर्षभरानं, पाच वर्षांनी कधीही टेस्ट चालवली की फाइल जशीच्या तशी आहे की कुठं बिघडली ते लगेच कळतं. बिघडलेली सापडली तर दुसऱ्या डिस्कवरची घ्यायची.

यातच झेडएफएसचं उत्तर आलं. झेडएफएस ही फाइल साठवायची पद्धत डिस्कवरच्या प्रत्येक ब्लॉकचा असा आकडा ठेवते, ते फार चांगलं आहे यात शंका नाही, पण एकाच डिस्कवर असेल तर ते बिघाड झाला एवढंच सांगतं, दुरुस्त करायला दुसरी डिस्क लागतेच. ट्रूनॅस म्हणून झेडएफएसवाली फुकट सिस्टीम आहे, तिला किमान 8 जीबी रॅम लागते. तुमच्याकडे 8 असेल आणि मुलांना हौस असेल तर जरूर करा. ईसीसी रॅमचा, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या रॅमचा, हट्ट घरात सोडून द्या, असली तर चांगलंच, नसली तर झेडएफएस काही बाकीच्यांपेक्षा जास्त धोकादायक होत नाही. त्या पैशात आणखी एक डिस्क घ्या आणि ती पुण्या-मुंबईत कुणी असेल त्यांच्याकडे ठेवा.

फाइलच्या नावाकडे लक्ष द्या, पुढच्या पिढीला आवाजावरून कोण गातंय ते ओळखता येणार नाही. वर्ष आधी, मग गायक, राग, ठिकाण, कॅसेटची बाजू. वर्ष माहीत नसेल तर अंदाजे असं लिहा. कॅसेटच्या कार्डावर सासऱ्यांच्या हातचं जे लिहिलेलं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, साथीला कोण होतं हे बहुतेक तिथंच सापडतं. आणि घरातली जुनी माणसं आहेत तोवर त्यांना बसवून ऐकवा, बाकीची नावं ती सांगतील.

सर्व्हर बसवला पण कॉपी करताना स्पीड सेकंदाला 11 एमबीच्या वर जात नाही. राउटर गिगाबिट आहे, पीसी पण गिगाबिट. डिस्क खराब आहे का?
(तासगाव)

डिस्क चांगली आहे. 11-12 एमबी हा आकडा दिसला की समजायचं कुठंतरी लाइन 100 एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट, आठ मेगाबिटचा एक एमबी) अडकलीय. गिगाबिट नीट चाललं की 110 च्या आसपास जातं. विंडोजमध्ये नेटवर्क अॅडाप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, 100 लिहिलं असेल तर केबल हातात घ्या. टोकाचा जो पारदर्शक क्लिप असतो तो उजेडात धरा आणि आतल्या वायर मोजा. आठ पाहिजेत: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. बऱ्याच वेळा केबल ओढणारे चारच वायर लावतात, निळ्या आणि तपकिरी जोड्या कापून टाकलेल्या असतात, कारण 100 ला चारच पुरतात आणि इंटरनेट तर चालतंच. गिगाबिटला आठही लागतात. कॅट 5ई ची केबल असेल तर नवी ओढायची गरज नाही, टोकं परत क्रिंप करून घ्या. आठही असतील तर राउटरचा पोर्ट बघा, काही राउटरना एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे 100 चे. तसं असेल तर पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच मधे टाका आणि दोन्ही मशीन त्यावर लावा. वायफायवरून कॉपी करत असाल तर या हिशोबाचा काही उपयोग नाही, पहिली मोठी कॉपी केबलनंच करा.

सीसीटीव्हीवाल्याकडे डीव्हीआरमधून काढलेल्या 2 टीबीच्या डिस्क स्वस्तात मिळतात. घेऊ का?
(विटा)

दुसऱ्या कॉपीसाठी घ्यायला हरकत नाही, एकमेव कॉपी तिच्यावर नको. या डिस्क चोवीस तास चालायच्याच बनवलेल्या असतात, फक्त त्या चाललेल्यापण असतात. दुकानातच लॅपटॉपला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. पॉवर ऑन अवर्स बघा, एका वर्षाचे 8,760 तास होतात, म्हणजे 40,000 दिसले की साडेचार वर्षं अखंड. त्यापेक्षा महत्त्वाच्या म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा दाखवणाऱ्या पाच नंबरच्या, 197 च्या आणि 198 च्या ओळी, या तिन्हींच्या रॉ व्हॅल्यू शून्य पाहिजेत, नसतील तर ठेवून या, दुकानदार कितीही म्हणाला तरी. ते सॉफ्टवेअर आकडे हेक्सामध्ये दाखवतं, सेटिंगमध्ये साधे दहाच्या पायावरचे करून घ्या नाहीतर गोंधळ होतो. 199 वाढलेला असेल तर बहुतेक वेळा केबलचा दोष असतो, सॅटा केबल बदला. तास अगदी शून्य आणि डिस्कवर ओरखडे, असं असेल तर आकडे पुसलेत हे उघड आहे. घरी आणल्यावर एकदा पूर्ण डिस्क भरून बघा, क्विक फॉरमॅट नको, रात्रभर लागेल, आणि मगच डेटा टाका.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर मशीन ठेवू नका. डिस्कचं तापमान 50 च्या खाली राहिलं पाहिजे.

चार डिस्क आहेत वेगवेगळ्या मापाच्या. रेड 5 करू का?
(कुपवाड)

नको. वेगवेगळ्या मापात रेड 5 सगळ्यात लहान डिस्कच्या हिशोबानं जागा देतं, बाकीची वाया. दोन रोजच्या वापराला, दोन बॅकअपला, प्रत्येक डिस्क वेगळी.

सर्व्हरवर जेलीफिन (पिक्चर टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. काही पिक्चर टीव्हीवर नीट चालतात, काही दर दोन मिनिटाला अडकतात. मोबाइलवर तेच पिक्चर चांगले चालतात.
(कराड)

तुमचा टीव्ही ती फाइल थेट वाचू शकत नाही म्हणून सर्व्हर ती चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलतोय आणि तिथं जुना प्रोसेसर धापा टाकतो. अडकणारी फाइल बहुतेक एचईव्हीसी 10 बिट या व्हिडिओ फॉरमॅटची असेल. इंटेलमध्ये हे चिपमधूनच वाचायची सोय सातव्या जनरेशनपासून पूर्ण आली, त्याआधीचा असेल तर त्याच्याकडून अपेक्षा करू नका. नवा सर्व्हर घेण्यापेक्षा टीव्हीला एखादा चांगला स्ट्रीमिंग स्टिक लावा, फाइल थेट चालली की सर्व्हरला कामच उरत नाही. कधी कधी नुसता सबटायटल बंद केला तरी अडकणं थांबतं, ते आधी करून बघा.

मी निवृत्त शिक्षक, वय 68. मुलगा पुण्याला असतो, त्यानं दिवाळीत येऊन सर्व्हर बसवून दिला. दोन शंका. त्याला तिकडून फोटो बघता येतील का? पोर्ट फॉरवर्ड का काय ते केलं पण चालत नाही म्हणतो. आणि तो नसताना हे बंद पडलं तर मी काय करायचं?
(सातारा)

गुरुजी, पहिली शंका आधी. मुलाला राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीनं दिलेला पत्ता, बघायला सांगा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर कंपनी एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतेय, त्याला सीजीनॅट म्हणतात, तिथं पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून सर्व्हरपर्यंत यायला राउटरमध्ये वाट उघडणं) कितीही केलं तरी चालणार नाही. आणि चाललं नाही ते चांगलंच झालं, कारण फाइल शेअरिंगचा 445 पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवणं फार धोक्याचं आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर जो धुमाकूळ घातला तो याच फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याऐवजी टेलस्केल हे आपलीच मशीन आपसात जोडणारं सॉफ्टवेअर टाका, घरगुती वापराला फुकट आहे, सर्व्हरवर एक आणि मुलाच्या मोबाइलवर एक, सीजीनॅट असलं तरी चालतं आणि बाहेरच्या कुणाला दिसतपण नाही. मुलगा पुण्यातून फोटोही बघेल आणि काही बिघडलं तर तिथूनच दुरुस्तही करेल.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते, ही बहुतेक जण विचारतच नाहीत. ओपनमीडियावॉल्टच्या आतली डिस्क सहसा ईएक्सटी4 पद्धतीची असते, ती काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर उघडत नाही, उलट फॉरमॅट करू का विचारतो, आणि घाबरून माणूस हो म्हणतो. तिथं हो कधीच म्हणायचं नाही. म्हणून तुमची बॅकअपची डिस्क मुलाला एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये करून द्यायला सांगा, साधे फोल्डर, साधी नावं, कुठलंही खास सॉफ्टवेअर नको. फॅट32 नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लग्नाचा व्हिडिओ अडकेल. सर्व्हर बंद पडला तर तो तसाच राहू द्या, ही डिस्क कपाटातून काढा, कुठल्याही लॅपटॉपला लावा, फोटो समोर असतील.

मुलगा पुढच्या वेळी आला की त्याच्यासमोर तुम्ही स्वतः हे एकदा करून बघा, त्यानं हात लावायचा नाही. आणि एका कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या: सर्व्हरचा पत्ता, युजर, पासवर्ड, बंद कसा करायचा, बॅकअपची डिस्क कुठल्या कप्प्यात आहे आणि शेवटची कॉपी कुठल्या तारखेला केली. तारखेची जागा पेन्सिलनं लिहा, ती दर महिन्याला बदलायचीय. कागद लाइट बिलांच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे घरात सगळ्यांना सापडेल.